टाईप वन मधुमेह नवीन, त्यात पोट दुखतंय? आधी पट्टी, मग ओवा

माझ्या लेकीला टाईप वन मधुमेह (शरीरात इन्सुलिन बनणं बंद होतं तो) निघाला तो पोटदुखीतूनच. दहा वर्षांची होती. दोन दिवस बेंबीभोवती दुखत होतं, उलट्या होत होत्या. ‘बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल’ म्हणून आम्ही ओवा दिला, सासूबाईंनी दृष्ट काढली, जवळच्या दवाखान्यात ॲसिडिटीचं औषध मिळालं. तिसऱ्या दिवशी पहाटे ती धावत चार जिने चढून आल्यासारखा श्वास घ्यायला लागली. मोठ्या दवाखान्यात बोट टोचलं तर मीटरवर आकडा नाहीच, नुसतं ‘हाय’. पुढचे पाच दिवस आयसीयू.

घरी आल्यानंतर सातव्या आठवड्यात ती शाळेतून आली, सोफ्यावर मुटकुळं करून पडली आणि म्हणाली, “आई, पोट दुखतंय.” माझेच हातपाय गार पडले. शुगर मोजली, १६४. कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीरात साठणारी आम्लं) नाहीत. आणि तरीही दुखणं पुढे महिनाभर चाललं.

त्या महिन्यात काय काय शिकावं लागलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. डोस किती, औषध कोणतं, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण रात्री अकराला पोट धरून बसलेल्या मुलासमोर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं, ते घरच्यांना यायलाच हवं. मोठेपणी टाईप वन निघालेल्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

पहिलं काम: बोट टोचा

‘आता जेवणाआधी तर बघितली होती’ हे चालत नाही. पुन्हा बघा. लहान मुलांना शुगर खाली गेल्याचं नीट सांगता येत नाही. ती ‘पोटात कसंतरी होतंय’ एवढंच म्हणतात. शुगर ७० च्या खाली असेल तर आधी ती वर आणा. मोठ्यांना साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज, लहानांना वजनाप्रमाणे डॉक्टरांनी लिहून दिलेली मात्रा. पंधरा मिनिटांनी परत मोजा. पोटातलं ‘कसंतरी’ त्याबरोबर गेलं, तर विषय तिथेच संपला.

दुसरं काम: कीटोन

शुगर २५० च्या वर असेल तर कीटोन बघायचेच. आणि उलटी किंवा मळमळ असेल तर शुगर कितीही असो, तरी बघायचे. नवीन घरांमध्ये नेमकी हीच पायरी गळते, कारण डिस्चार्जच्या वेळी पिशवीत मीटर असतो, इन्सुलिनचं पेन असतं, सुया असतात. कीटोनच्या पट्ट्या बऱ्याचदा नसतात. लघवीच्या कीटोनच्या पट्ट्या औषधाच्या दुकानात मिळतात. एक डबी आजच आणा आणि उघडल्याची तारीख झाकणावर पेनने लिहा, कारण उघडलेल्या डबीतल्या पट्ट्या काही महिन्यांत दमट होऊन खोटं बोलायला लागतात.

पोट का दुखतं? शरीराला इन्सुलिन कमी पडलं की पेशींना साखर वापरता येत नाही, मग चरबी जळते आणि तिच्यातून कीटोन तयार होतात. ते साठले की रक्त आंबट होतं. शरीरातलं पाणी आणि क्षार लघवीवाटे जातात, जठर आणि आतडी मंदावतात. यालाच डॉक्टर डीकेए (डायबेटिक कीटोॲसिडोसिस) म्हणतात. डीकेए झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांचं पोट दुखतं, आणि रक्त जितकं जास्त आंबट तितकी पोटदुखीची शक्यता जास्त. दुखणं इतकं खरं असतं की अपेंडिक्स समजून माणूस सर्जनपर्यंत पोहोचतो.

रक्तातले कीटोन मोजणारा मीटर असेल तर आकडे असे वाचायचे: ०.६ च्या खाली ठीक. ०.६ ते १.५ म्हणजे लक्ष ठेवा, पाणी पाजा, दोन तासांनी परत बघा. १.५ च्या वर गेले की डॉक्टरांना त्याच क्षणी फोन. ३ किंवा त्याहून जास्त म्हणजे दवाखाना, चर्चा नाही. लघवीच्या पट्टीवर रंग पिवळटापासून गुलाबी, मग जांभळा होत जातो. डबीवर जितके सेकंद लिहिलेत तितक्याच सेकंदांनी वाचा, पाच मिनिटांनी नव्हे. लघवीची पट्टी थोडी मागची गोष्ट सांगते. मूत्राशयात साठलेली लघवी काही तासांपूर्वीची असते. म्हणून पट्टी फिकट आहे पण मूल मलूल होत चाललंय, तर विश्वास मुलावर ठेवा.

इथे एक अडचणीची बाब. शुगर १८० आणि तरीही कीटोन भरपूर, असंही होतं. पोट बिघडून खाणं बंद झालं की होतं, आणि डापाग्लिफ्लोझिनच्या जातीची (साखर लघवीवाटे बाहेर टाकणारी) गोळी चालू असेल तर हमखास फसवतं. मोठ्या माणसांना सुरुवातीला ‘टाईप टू’ समजून ही गोळी दिलेली असते, नंतर टाईप वन निघतो आणि जुन्या चिठ्ठीतली गोळी तशीच चालू राहते. अशी गोळी घरात असेल तर डॉक्टरांना आजच विचारा.

तिसरं: लंघन करा, पण इन्सुलिनचं नाही

पोट बिघडलं की लंघन, हे आपल्या हाडात मुरलेलं आहे. आजी म्हणणार, “दोन वेळा काही देऊ नकोस, आपोआप बसेल.” इतर कुणाच्या बाबतीत कदाचित बसेलही. टाईप वनमध्ये मात्र लंघनाच्या पाठोपाठ एक वाक्य येतं, आणि ते घातक आहे: ‘खाल्लंच नाही तर इन्सुलिन कशाला?’

दिवसभर पुरणारं जे बेसल इन्सुलिन आहे, ते जेवणासाठी नसतंच. काही न खाताही यकृत रक्तात साखर सोडत असतं, ती वापरायला आणि कीटोन रोखायला ते लागतं. आजारपणात तर शरीराची गरज अनेकदा वाढते. डोस कमी करावा लागेल, वाढवावा लागेल, ते फोनवर विचारा; पण स्वतःच्या मनाने शून्य करू नका. जेवणाआधीच्या इन्सुलिनचं काय करायचं हेही विचारूनच.

दर दोन-तीन तासांनी शुगर, तितक्याच वेळा कीटोन. घोटघोट पाणी. उलट्या-जुलाब असतील तर ओआरएस द्या. ‘त्यात साखर असते ना’ म्हणून बरेच जण घाबरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणाच्या पाकिटात एक लिटर पाण्यासाठी १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे २०० मिलीच्या पेल्यात तीन ग्रॅमहूनही कमी. फक्त पाकीट त्या प्रमाणाचं आहे ना ते वाचा; फळांच्या चवीची गोड तयार पेयं वेगळी. शुगर खालीच राहत असेल तर उलट गोड सरबतच घोटघोट द्यावं लागतं.

कळ थांबवणारी गोळी मनाने देऊ नका. आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं कोरड्या पडलेल्या शरीरात मूत्रपिंडाला त्रास देतात, आणि दुखणं दबलं की खरं कारण उशिरा कळतं. एरंडेलही नको.

लगेच निघायचं कधी

कीटोन ३ किंवा जास्त, किंवा लघवीची पट्टी गडद जांभळी. दोन तासांहून जास्त वेळ उलट्या, पाणीही टिकत नाही. श्वास खोल आणि भराभर. तोंडाला पिकलेल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास. गुंगी, बोलण्यात असंबद्धपणा. पोट लाकडासारखं कडक, किंवा दुखणं बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकलंय आणि खोकलं तरी कळ येते. वरच्या पोटात सुरू होऊन पाठीत घुसणारी कळ. शौचातून रक्त, हिरवी उलटी. आणि मूल पाच वर्षांच्या आतलं असेल तर या यादीची वाट न बघता. गाडी नसेल तर १०८.

कॅज्युअल्टीत पोहोचल्यावर पहिलं वाक्य ‘पोट दुखतंय’ हे नसावं. पहिलं वाक्य: “टाईप वन आहे, इन्सुलिनवर आहे, कीटोन इतके आहेत, शेवटचं इन्सुलिन इतक्या वाजता दिलंय.” हे वाक्य एका कागदावर लिहून मीटरच्या पाऊचमध्ये ठेवलेलं बरं. ऐन वेळी माझ्या तोंडून तिची जन्मतारीखही नीट निघाली नव्हती.

एक बारकावा माहीत असू द्या. डीकेएमध्ये जंतुसंसर्ग नसतानाही पांढऱ्या पेशी वाढतात, स्वादुपिंडाच्या तपासणीतले आकडेही थोडे वर जातात. म्हणजे नुसत्या रिपोर्टवरून ‘अपेंडिक्सच आहे’ किंवा ‘नाहीच’ असं सांगता येत नाही. सलाईन आणि इन्सुलिनने रक्ताचा आंबटपणा उतरला की डीकेएची पोटदुखीही काही तासांत उतरते. आंबटपणा गेला आणि पोट तसंच दुखतंय, तर दुसरं कारण शोधायला हवं; डॉक्टरांना तसं विचारायला संकोच करू नका.

कीटोन आले, पण का?

आजारपण नाही, डोस चुकला नाही, तरी शुगर चढतेय, कीटोन आलेत आणि पोट दुखतंय, तर इन्सुलिनकडेच संशयाने बघा. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलीला ४० युनिटचं असतं, पेनमधलं १०० युनिटचं. ४० च्या बाटलीला लाल टोपीची सिरिंज, १०० ला केशरी टोपीची. दुकानदाराने घाईत केशरी दिली आणि तुम्ही तिच्यावरच्या १० च्या रेघेपर्यंत ४० चं इन्सुलिन भरलंत, तर शरीरात गेलं फक्त ४ युनिट. उलट चूक झाली तर अडीचपट, म्हणजे शुगर धाडकन खाली. दोन्ही टोप्या दिसायला इतक्या सारख्या असतात की ट्यूबलाईटच्या उजेडात मीही एकदा चुकले असते.

बाकी, इन्सुलिन फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याला चिकटून गोठलं होतं का, मे महिन्यात गाडीच्या डिकीत राहिलं होतं का, उघडून महिना उलटला का, हे तपासा. शंका आली तर नवी बाटली फोडा, चौकशी नंतर.

कीटोन नाहीत. मग वही काढा

इथून पुढे घाई नाही, चिकाटी लागते. शंभर पानी वही घ्या. दुखायला लागल्याची वेळ, कुठे (मुलाला बोट ठेवायला सांगा), किती वेळ, त्या वेळची शुगर, आधीच्या तीन तासांत काय खाल्लं, इंजेक्शन कुठे टोचलं, आणि शौचाला कधी झाली. हा शेवटचा रकाना मी पहिले दहा दिवस ठेवलाच नव्हता. आणि उत्तर तिथेच होतं.

झालं असं की मी इंटरनेटवर वाचलं, टाईप वन असलेल्यांना सिलिॲक हा गव्हाचा आजार होतो. लक्षण काय, पोटदुखी. झालं! त्याच रात्री कणीक बंद, घरात सगळ्यांना भाकरी. दहा दिवसांनी डॉक्टरांना अभिमानाने सांगितलं, तर त्यांनी डोक्याला हात लावला. गहू बंद करून सिलिॲकची तपासणी केली तर ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. मग सहा आठवडे रोज दोन्ही वेळा पोळी खाऊन तपासणी करायची ठरली. ती शेवटी निगेटिव्हच आली. आणि या सगळ्यात पोट कशाने दुखत होतं? सोनोग्राफीत आतडी मळाने गच्च भरलेली. माझ्या लेकीला साधं, आपलं, घरगुती बद्धकोष्ठ झालेलं होतं.

हसू येतं, पण याचं गणित सोपं आहे. शुगर चढी राहिली की लघवी जास्त होते, शरीरातलं पाणी कमी होतं, मळ कोरडा पडतो. त्यात शाळेत बाथरूमला जायची लाज. रोज थोडीशी होते म्हणून पोट साफ आहे असं समजू नका. आत साठलेलं असूनही थोडीशी होत राहते. डॉक्टरांनी पाण्यात कालवून घ्यायची पावडर दिली, न्याहारीनंतर दहा मिनिटं संडासात बसायची सवय लावली. दोन आठवड्यांत सोफ्यावरचं मुटकुळं बंद झालं.

वहीत आणखी काय सापडतं बघा. निदानानंतर घराचा स्वयंपाक एका रात्रीत बदलतो: भात हद्दपार, सकाळी मोड आलेले मूग, दुपारी हरभऱ्याची उसळ, रात्री ओट्स. दहा वर्षांच्या पोटाला हे झेपत नाही, गॅस धरतो. टाईप वनमध्ये कर्बोदकं मोजून इन्सुलिन घ्यायचं असतं, भाताला फाशी द्यायची नसते. नातेवाइकांची भर असते ती वेगळीच: भिजवलेले मेथीदाणे, कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड. यांनी टाईप वनमध्ये इन्सुलिनची जागा भरून निघत नाही, पोट मात्र बिघडतं. आमच्या आत्याबाईंनी आणलेली पुडी मी गोड बोलून ठेवून घेतली आणि कुंडीत टाकली.

‘शुगर फ्री’ चॉकलेटं आणि मिठाया हा आणखी एक चोर. वेष्टनावर सॉर्बिटॉल किंवा मॅल्टिटॉल दिसलं तर दोन तुकड्यांपलीकडे जाऊ नका. गुडगुड, मुरडा, जुलाब ठरलेले. सुरुवातीच्या आठवड्यांत इन्सुलिन मिळाल्यामुळे मुलं अचानक राक्षसासारखी जेवतात, त्यानेही पोट तडस लागून दुखतं. मोठ्यांनी मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर ते नोंदवा, तिनेही पोट बिघडू शकतं. आणि कधी कधी दुखणं पोटाच्या आत नसतंच. रोज बेंबीच्या त्याच बाजूला टोचलं की ती जागा हुळहुळते, गाठ होते. चिमटीत कातडी धरून दाबली की दुखतं आणि आत दाबून दुखत नाही, तर जागा बदला.

बाकीची नेहमीची कारणं मधुमेहाने रद्द झालेली नाहीत: जंत, लघवीचा संसर्ग, मुलींमध्ये पाळी. शाळेत जंतनाशक गोळी मिळाली होती का, तेही बघा.

डॉक्टरांना विचारायच्या तपासण्या

सिलिॲक माझ्या घरी निघाला नाही म्हणून तो विसरायचा असं नाही. टाईप वनमध्ये तो इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो, आणि अनेकदा पोट न दुखताही असतो: हिमोग्लोबिन वाढत नाही, उंची वाढत नाही, शुगर विनाकारण खाली जाते. टीटीजी-आयजीए आणि त्याबरोबर एकूण आयजीए, अशी रक्ततपासणी निदानाच्या वेळीच करतात आणि पुढे ठरावीक काळाने पुन्हा. पहिल्यांदा निगेटिव्ह आली तर नंतर येणारच नाही असं नाही. निदानाच्या सुमारास किंचित वाढलेला आकडा आपोआप उतरतोही. तपासणी होईपर्यंत पोळी चालूच ठेवा.

आणि निघालाच, तर महाराष्ट्रातल्या घराला तो त्यामानाने सोपा. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई सगळं चालतं. सापळे बारीक असतात: बांधानी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं, मेतकुटात गहू, भाजणीत गहू, सातूच्या पिठाचं तर विचारूच नका. आणि गिरणीत गव्हाच्या मागे तुमची ज्वारी दळली गेली, तर ती ज्वारी राहत नाही.

थायरॉईडची तपासणी होतेच. तो मंदावला तरी बद्धकोष्ठ होतं. क्वचित ॲडिसनचा आजार (मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कमी पडण्याचा) असतो: पोटदुखी, उलट्या, थकवा, त्वचा आणि हिरड्या काळवंडणं, मीठ खावंसं वाटणं, आणि इन्सुलिनची गरज कमी होऊन शुगर सारखी खाली जाणं. ही लक्षणं एकत्र दिसली तर थांबू नका.

आणखी एक प्रश्न फार कमी जण विचारतात: पोटदुखी मधुमेहाच्या आधीपासूनची आहे का? तरुण, सडपातळ माणूस, वर्षानुवर्षं वरच्या पोटात दुखतंय, शौच तेलकट, तरंगणारं, आणि आता शुगर निघाली, तर तो टाईप वन नसूही शकतो. स्वादुपिंडात खडे होऊन होणारा मधुमेह आपल्या देशात, विशेषतः केरळात, बराच पाहिला गेला आहे. पोटाचा एक्स-रे किंवा सोनोग्राफी केली की खडे दिसतात. त्याचे उपचार वेगळे, पाचक एन्झाइमच्या कॅप्सूलही लागतात.

आणि सगळं तपासूनही काही सापडलं नाही तर? तसंही होतं. दिवसाला चार-पाच सुया, डब्यातला प्रत्येक घास मोजलेला, वर्गात सगळ्यांच्या नजरा. हे पोटातून बाहेर पडतं. ते नाटक नसतं, दुखतं खरंच. वहीत सोमवार ते शुक्रवार सकाळी दुखणं आणि रविवारी नाही असं दिसलं, तर रागावण्याआधी शाळेत काय चाललंय ते विचारा. समुपदेशकाकडे जायलाही हरकत नाही. मात्र ‘मनाचंच आहे’ हा शिक्का कीटोनची पट्टी बघायच्या आधी कधीही मारू नका, दहाव्या वेळी दुखत असलं तरी.

आम्ही वर्गशिक्षिकेच्या टेबलाच्या खणात एक चिठ्ठी ठेवली आहे. त्यावर एवढंच आहे: ‘पोट दुखतंय म्हणाली तर बाई, तिला एकटीला पाणी प्यायला, बाथरूमला किंवा घरी पाठवू नका. आधी तिला तिच्या पाऊचमधून शुगर मोजू द्या. ७० च्या खाली असेल तर ग्लुकोज द्या आणि फोन करा. २५० च्या वर असेल किंवा उलटी झाली तर लगेच फोन करा, मी वीस मिनिटांत पोहोचते. मधली असेल तर तिला विचारा, सकाळी झाली होती का. ती आता लाजत नाही.’